बाप म्हणतो फाशी, लेक म्हणतो खुला करा: गांजा, गोळ्या आणि आपला कायदा

प्रश्न: मी नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. नववी-दहावीची पोरं 'बटन' गोळ्या खाऊन वर्गात येतात, गांजाही सहज मिळतो. माझं मत सरळ आहे, विकणाऱ्याला फाशी द्यावी. पुण्यात शिकणारा माझा मुलगा म्हणतो, उलट गांजा कायदेशीर करा, कॅनडानं केला, गुन्हेगारी आपोआप संपेल. कोर्टात ही प्रकरणं चालवणाऱ्यांचा अनुभव काय सांगतो?

उत्तर:

सर, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. सुरुवातीची काही वर्षं मी सरकार पक्षाकडून खटले चालवले, नंतर आरोपीच्या बाजूनं उभा राहू लागलो. एनडीपीएसची, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची प्रकरणं मी दोन्हीकडून पाहिली, सत्र न्यायालयांत आणि औरंगाबाद खंडपीठातही. त्यावरून माझं मत असं बनलंय की आपल्याकडं शिक्षा कमी नाही, तपास कच्चा आहे. तपास कच्चा ठेवून नुसती शिक्षा वाढवत गेलं की मोठा सुटतो आणि लहान अडकतो. तुमच्या मुलाला यातून फार आनंद व्हायला नको, त्याच्याकडंही येतो.

फाशीची मागणी करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं की ती या कायद्यात आहेच. १९८९ मध्ये ३१-अ हे कलम घातलं गेलं. मोठ्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात ठरावीक प्रमाणाच्या वर माल घेऊन सापडला, तर फाशी, आणि तीही सक्तीची. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही सक्ती काढली आणि फाशी द्यायची की नाही ते न्यायालयानं ठरवावं असा अर्थ लावला. २०१४ च्या दुरुस्तीनं संसदेनंही तेच लिहिलं. आजवर या कलमाखाली देशात कुणी फासावर गेलेलं नाही. आणि गंमत बघा, त्या कलमाच्या तक्त्यात हेरॉईन आहे, कोकेन आहे, चरस आहे, पण गांजा नाही. ज्या एमडीवरून आज सगळीकडं आरडाओरड चालू आहे ते मेफेड्रोन हे रासायनिक अमली द्रव्यही नाही. ते तर २०१५ मध्ये कायद्याच्या कक्षेत आलं. म्हणजे तुमच्या गावातल्या गांजावाल्याला या कायद्यानं फाशी होऊच शकत नाही, तो कितीही वेळा सापडला तरी.

पण म्हणून शिक्षा किरकोळ आहे असं समजू नका. गांजा एक किलोच्या आत असेल तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि वर एक ते दोन लाख दंड. एमडीसाठी हीच वरची मर्यादा फक्त ५० ग्रॅम आहे, हेरॉईनला २५०. एका मुठीत मावेल एवढ्या एमडीला दहा वर्षं. याहून कडक करायला जागा उरली आहे ती फक्त दोराची.

आता ही शिक्षा कुणाला होते ते बघू.

आपल्या भागातली नेहमीची केस तुरीच्या रानातली. तुरीच्या तासांमध्ये, पऱ्हाटीत, नाहीतर उसाच्या फडात मधोमध गांजाची झाडं लावलेली असतात. स्थानिक गुन्हे शाखेला 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी' मिळते. (हे वाक्य सगळ्या फिर्यादींत काना-मात्रेचा फरक नसलेलं सापडतं.) छापा पडतो तेव्हा शेतातल्या आखाड्यावर कोण असतं? सालगडी, बटईदार, नाहीतर म्हातारी. सातबारा आजीच्या नावावर, वहिवाट मधल्या लेकाकडं, पाणी द्यायला सालगडी. फिर्यादीत तिघंही आरोपी. बी कुणी आणून दिलं, उचल कुणी दिली होती, वाळलेला माल न्यायला कोण येणार होतं, हे दोषारोपपत्रात कितीही शोधा, सापडत नाही. तपास बांधावरच थांबलेला असतो. कायद्यात कलम ४६ आणि ४७ आहेत: आपल्या जमिनीत अशी झाडं असतील तर कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे आणि सरपंचापासून गावकामगारांपर्यंत सगळ्यांवरही. या ४७ खाली एखाद्या गावकामगाराला जाब विचारलेला मी तरी पाहिला नाही.

मग येतं वजन. झाडं मुळासकट उपटायची, ओली, मातीसकट, खोड-फांद्या-पानांसकट काट्यावर टाकायची आणि लिहायचं, 'गांजाची हिरवी झाडं, वजन अमुक किलो.' कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा किंवा फळं आलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात धरत नाहीत. म्हणूनच भांग या कायद्यात येत नाही, ती राज्याच्या दारूबंदी कायद्याकडं जाते. शेंडे वेगळे करून तोलले असते तर तीस किलोच्या ठिकाणी पाच-सात किलो भरले असते, हे पोलिसांनाही कळतं. पण आकडा वीसच्या वर गेला की कलम ३७ लागतं आणि जामीन जवळपास बंद होतो. आरोपी निर्दोष असल्याचं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री न्यायालयाला पटली तरच जामीन. दोषारोपपत्र दाखल करायला पोलिसांना ९० नव्हे, १८० दिवस मिळतात. सालगड्याचं वर्ष हर्सूलच्या कारागृहात जातं, नाहीतर जिल्हा कारागृहात. त्यात लागवडीचं कलम वेगळं, त्यात प्रमाणाची पायरीच नाही: एक झाड असो की शंभर, दहा वर्षांपर्यंत.

दुसरी केस रस्त्यावरची. गांजा मुख्यतः येतो आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरातून, तेलंगणातून आपल्याकडं, आणि पुढं खानदेश, पुणे, मुंबईकडं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या, म्हणजे एनसीबीच्या, मुंबई पथकानं नांदेड जिल्ह्यात एका ट्रकमधून १,१२७ किलो गांजा पकडला होता. त्या प्रकरणाबद्दल नाही, एकूण अशा प्रकरणांबद्दल सांगतो: सापडतात ते ड्रायव्हर आणि क्लीनर. माल भरणारा आणि उतरवून घेणारा हे दोघं दोषारोपपत्रात 'फरार' या रकान्यात राहतात, आणि तिथंच म्हातारे होतात.

तुम्ही म्हणाल, मग ड्रायव्हरला तरी होऊ द्या शिक्षा. होते ना, पण नेहमी नाही. का होत नाही, हे नीट समजून घ्या. 'वकिलांनी तांत्रिक मुद्द्यावर सोडवला' अशी बातमी वाचून लोक आमच्या नावानं बोटं मोडतात.

या कायद्यात आरोपीवर फार मोठा बोजा आहे. कलम ५४ म्हणतं, माल तुझ्याकडं सापडला आणि तू समाधानकारक खुलासा दिला नाहीस, तर गुन्हा तूच केलास असं धरू. कलम ३५ म्हणतं, तुझ्या मनात गुन्हेगारी हेतू होता असं गृहीत धरू, नव्हता हे तूच सिद्ध कर, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. खुनाच्या आरोपीलाही इतकं सिद्ध करावं लागत नाही. याच्या मोबदल्यात कायद्यानं पोलिसांवर काही बंधनं घातली. घरात किंवा बंद जागेत छापा टाकायचा तर बातमी लेखी नोंदवायची आणि वरिष्ठांना ७२ तासांच्या आत कळवायची. अंगझडती घ्यायची तर आरोपीला सांगायचं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायला लावण्याचा तुला हक्क आहे. जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर करायचे.

१९९९ मध्ये बलदेवसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं याचं मर्म सांगितलं: शिक्षा जितकी कठोर, तितकी कायद्यातली संरक्षणं काटेकोर पाळली गेली पाहिजेत. सर, तुमच्या फाशीच्या मागणीचं उत्तर याच वाक्यात आहे. शिक्षा एक पायरी चढली की न्यायाधीशाची नजरही एक पायरी बारीक होते. ज्या पंचनाम्यावर दोन वर्षं देताना न्यायाधीश कुरकुरत नाही, त्याच पंचनाम्यावर दहा वर्षं देताना तो तीनदा वाचतो. फाशी द्यायची वेळ आली तर त्यातल्या शाईचा रंगही विचारेल, आणि विचारायलाच हवा.

आणि आपले पंचनामे असं बारकाईनं वाचून घेण्यासारखे नसतात. पंच बोलावलेला असतो पोलिसांच्या ओळखीचा. तोच पंच दुसऱ्या तालुक्याच्या तिसऱ्या केसमध्येही सही करून बसलेला. उलटतपासात विचारलं, 'काटा कुणाचा?' उत्तर, 'किराणा दुकानदाराचा.' 'त्याचं पडताळणी प्रमाणपत्र?' नाही. 'सील लावल्यावर ते सील कुणाच्या ताब्यात दिलं?' आठवत नाही. मुद्देमाल कक्षाच्या रजिस्टरला नोंद दुसऱ्या दिवशीची, नमुना प्रयोगशाळेकडं गेला तीन आठवड्यांनी, मधल्या काळात तो कुठं होता त्याचा कागद नाही. नमुने कितीदा तरी जाग्यावरच काढून मोकळे झालेले असतात, दंडाधिकाऱ्यासमोर नाहीत. २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या मालखान्यांची अवस्था पाहून याबद्दल सक्त आदेश दिले, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं नमुने आणि साठवणुकीचे स्वतंत्र नियम केले. ठाण्यातल्या जमादाराला त्या नियमांची प्रत कुणी दिली का, हे मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच कळतं. यात जमादाराचा दोष किती? बंदोबस्त, जयंत्या, निवडणुका, यात्रा सांभाळून त्यानं हे करायचं, प्रशिक्षण दोन दिवसांचं असलं तर असलं. जाळं फाटलेलं असताना दोर जाड केल्यानं मासा सापडत नाही.

एमडीनं तर खेळच बदललाय. गांजाला रान लागतं, पाऊस लागतो. एमडीला एक शेड, काही रसायनं आणि रसायनशास्त्र कळणारा एक माणूस पुरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर-पैठण भागात केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, छापे घातले. कोकेन आणि मेफेड्रोन सापडलं, किंमत शेकडो कोटींत सांगितली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूरचं एमडी प्रकरण उघड झालं आणि आई भवानीच्या गावात घरोघरी तोच विषय झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात शेतातल्या शेडमध्ये चालणारा कारखाना डीआरआयनं पकडला, ११ किलोंहून अधिक मेफेड्रोन होतं, आणि अटक झालेल्यांत एक पोलीस कर्मचारीही असल्याचं तेव्हा जाहीर झालं. ही प्रकरणं न्यायालयात आहेत, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला एवढंच दाखवायचंय की यातले दोन मोठे छापे बाहेरच्या यंत्रणेनं घातले. गावात शेड उभं राहिलं, रसायनांचे ड्रम आले, रात्री वास सुटला, आणि गावातल्या, ठाण्यातल्या कुणाला काहीच कळलं नाही? या प्रश्नाला फाशी हे उत्तर होऊ शकत नाही.

आता तुमच्या मुलाकडं येतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. पिणाऱ्याला गुन्हेगार न मानणं वेगळं आणि माल दुकानात विकायला ठेवणं वेगळं. पोर्तुगालनं २००१ मध्ये पहिली गोष्ट केली: दहा दिवस पुरेल एवढा माल स्वतःसाठी जवळ असेल तर तुरुंग नाही, समितीपुढं उभं राहायचं, ती गरज पाहून उपचाराकडं पाठवते. विकणं तिथं आजही गुन्हाच आहे. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये दुसरी गोष्ट केली: परवाना, वयाची अट, मालाची तपासणी, कर. तिथला बेकायदा बाजार आटला, पण संपला नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२० मध्ये मतदानानं सगळ्याच अमली पदार्थांचं व्यक्तिगत बाळगणं तुरुंगाबाहेर काढलं, पण उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यावर उघड नशा दिसू लागली, आणि २०२४ मध्ये ते परत गुन्ह्यात घालावं लागलं. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि तीन वर्षांत तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला.

पण एवढ्या लांब जायचं कशाला? कायदेशीर नशेचा प्रयोग आपल्याकडं चालूच आहे, देशी दारूचं दुकान. परवाना आहे, कर आहे, लेबल आहे, वयाची अट आहे. मग हातभट्टी बंद झाली का? गूळ-नवसागराचं रसायन आजही ओढ्याकाठी पुरलेलं सापडतं, कारण कर भरलेली बाटली महाग आणि हातभट्टीचा फुगा स्वस्त. आणि शिंदी? ज्या गावात शिंदीचं झाड औषधाला नाही तिथंही शिंदी मिळते. क्लोरल हायड्रेट पाण्यात कालवलं की झाली. उलट बंदीचा प्रयोगही शेजारी विदर्भात झाला: चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी आली, २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली, आणि मधल्या सहा वर्षांत जिल्ह्यात दारू मिळत नव्हती असं तिथला माणूस म्हणणार नाही. खुलं करा की बंद करा, तपासणारा निरीक्षक दोन्हीकडं तोच असतो. वयाची अट पाळायला लावणारी यंत्रणा देशी दारूच्या दुकानावर चालत नसेल तर ती गांजाच्या दुकानावर कुठून चालेल? मुलाला हे विचारा. त्याच्याकडं चांगलं उत्तर असेल तर मलाही कळवा, खरंच.

गांजा बंद कसा झाला हेही त्याला सांगा, कारण तो म्हणेल की हे इंग्रजांचं खूळ आहे. तसं नाही. इंग्रजांच्या १८९३-९४ च्या आयोगानं उलट बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही असंच म्हटलं होतं. पूर्ण बंदीचं मूळ १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. भारतासारख्या देशांना गांजाची चाल बंद करायला त्यात पंचवीस वर्षांची सवलत होती, ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढलं, आणि भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. देशातल्या कायद्यात मात्र काही हललं नाही.

मला स्वतःला काय हवंय? गांजाचं दुकान नको. पण पिणाऱ्याला कलम २७ खाली गुन्हेगार करणं थांबवा. आज गांजा पिण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत आणि हेरॉईन-कोकेनबद्दल एक वर्षापर्यंत कैद आहे. प्रत्यक्षात पोरगं दंड भरून सुटतं, पण नावावर गुन्हा राहतो, मग पोलीस भरतीला चारित्र्य पडताळणीत अडकतं, आणि आपल्या भागात पहाटे रस्त्यानं पळणाऱ्या पोरांसाठी पोलीस भरती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत (२०१९) देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग-गांजा घेणारे आणि सुमारे १६ कोटी दारू पिणारे निघाले. यातले नुसती भांग घेणारे या कायद्यात येत नाहीत, पण उरलेली एवढी माणसं तरी कोणत्या तुरुंगात घालणार? याच कायद्यात कलम ३९ आहे, व्यसनी आरोपीला न्यायालय तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. कलम ६४-अ आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही. दोन्ही कलमं छापील आहेत. वापरायची म्हटली की विचारणा होते, पाठवायचं कुठं, सरकारी व्यसनमुक्तीच्या खाटा किती?

फाशीबद्दल थोडं अजून, कारण तुमचा राग फक्त गांजाचा नाही हे मला कळतं. आपल्या भागात ही मागणी मनापासून येते. कोपर्डीनंतर ९ ऑगस्ट २०१६ ला पहिला मूक मोर्चा औरंगाबादेतच निघाला होता, आरोपींना फाशी ही त्यातली पहिली मागणी. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयानं तिघांना फाशी सुनावलीही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि बीड-परभणीपासून लातूरपर्यंत रस्त्यावर पुन्हा तीच घोषणा. त्या खटल्यावर मी बोलणार नाही, तो चालू आहे. पण सत्र न्यायालयानं फाशी सुनावली म्हणजे फाशी झाली, असं नसतं. उच्च न्यायालयानं ती कायम करावी लागते, मग सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. २००४ पासून आजवर देशात प्रत्यक्ष फाशी झाली ती आठ जणांना. एवढ्या विरळ गोष्टीला गुन्हेगार घाबरत नाही. तो घाबरतो पकडलं जाण्याला, आणि ती शक्यता आपण कमीच ठेवली आहे. उलट माल पकडला की फास नक्की, असं खरंच झालं तर बातमी देणारा जिवंत राहील का, याचा विचार करा.

आणि चुकलं तर? नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं दरोडा, बलात्कार आणि खुनाचं प्रकरण आहे. भटक्या जमातीतले सहा जण आरोपी. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली, त्यातल्या तिघांची शिक्षा तर उच्च न्यायालयानं कमी केली होती ती वाढवून. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा ऐकलं आणि सहाही जण निर्दोष सुटले, तपासावर कडक ताशेरे मारले गेले, प्रत्येकी पाच लाख भरपाईचा आदेश झाला. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पालावर राहणाऱ्या माणसाला कोणत्याही चोरीत आधी उचलतात, हे मी रोज पाहतो. त्या निकालानंतर खुनातल्या फाशीबद्दलही माझं मन उरलं नाही. मरेपर्यंत जन्मठेप, सूट नाही, अशी शिक्षा न्यायालयं २००८ पासून देत आहेत. ती मला पुरेशी वाटते, तुम्हाला न पटो.

आता तुमच्या शाळेतल्या गोळ्यांकडं, कारण खरं काम तिथं आहे. 'बटन' म्हणजे बहुतेक वेळा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम, झोपेच्या आणि चिंतेच्या आजाराची औषधं. सोबत कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. हे डोंगरातून येत नाही, कारखान्यात पक्कं बिल होऊन निघतं आणि मध्ये कुठंतरी फुटतं. म्हणजे याचा माग काढणं गांजापेक्षा सोपं आहे. या गोळ्या 'एच-१' यादीत आहेत: दुकानदारानं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहूनच द्यायच्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. पोरांकडं किंवा शाळेच्या आवारात रिकामी पाकिटं सापडली तर जाळू नका. पाकिटावर बॅच नंबर असतो. त्यावरून कंपनीनं ती बॅच कोणत्या घाऊक व्यापाऱ्याला दिली, त्यानं कोणत्या दुकानाला, हे औषध निरीक्षकाला काढता येतं.

तक्रार दोन ठिकाणी द्या: अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आणि पोलीस अधीक्षकांकडं, तुमच्या ठाण्याला फक्त प्रत. अर्जात 'आमच्या गावात नशा वाढली आहे' असं मोघम लिहू नका, त्याच्यावर कार्यवाही होत नाही. पाकिटाचा फोटो, बॅच नंबर, तारीख, सापडल्याची जागा एवढं लिहा. पोरांची नावं घालू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आवर्जून नमूद करा: डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडून माल विकून किंवा वाहून घेतला तर कलम ७८, शिक्षा तेवढीच. ठाण्यात ही कलमं क्वचित लावतात. अर्जात लेखी असली की ती का लावली नाहीत हे पुढं विचारता येतं. नाव द्यायची भीती वाटत असेल तर १९३३ या केंद्राच्या क्रमांकावर नाव न सांगता माहिती देता येते.

आणि त्या पोरांचं. शाळेतून काढू नका, दाखला हातात दिला की ते पोरगं पूर्ण वेळ विकणाऱ्याच्या हाताखाली जातं. आई-बापाला बोलावून दम देऊन गोळ्या एका दिवसात बंद करायलाही लावू नका. या गोळ्यांची शरीराला सवय लागलेली असेल तर एकदम थांबवल्यावर झटके येऊ शकतात, त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करत आणाव्या लागतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथं आधी दाखवा. १४४४६ वर फोन केला तर जवळचं व्यसनमुक्ती केंद्र सांगतात. उपचाराचे कागद, केसपेपर, सगळं पालकांना जपून ठेवायला सांगा. उद्या पोलिसांनी त्याच पोराला सेवनाच्या गुन्ह्यात धरलं तर बाल न्याय मंडळापुढं तेच कागद आधी काढावे लागतील. अर्ज देताना एक प्रत जास्त न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.